सावलीचा सातबारा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

इतिहास म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गडकोट येतात, ताम्रपट येतात, फार तर जुने वाडे आणि बारवा येतात. पदपथावरचे झाड काही येत नाही. पण मुंबईच्या जुन्या उपनगरांतून, म्हणजे दादर, माटुंगा, शिवाजी पार्क या भागांतून जरा मान वर करून चालले, तर लक्षात येते की आजूबाजूच्या पुष्कळशा गोष्टींपेक्षा इथली झाडे वयाने मोठी आहेत. त्यांच्यामागची घरे पाडून पुन्हा बांधली गेली, रस्त्यांची नावे बदलली, ट्राम आली आणि गेली, झाड मात्र आहे तिथेच उभे आहे. घरावर निदान बांधल्याचे साल तरी कोरलेले असते. झाड कुणी लावले, कधी लावले, हे कुठेच लिहिलेले नसते.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. या भागात राहिलो आणि इथल्याच मुलांना शिकवले. वर्गात कधी कधी विचारायचो, ‘शाळेसमोरचे ते मोठे झाड कुणाचे?’ उत्तरे ठरलेली असत. कुणी म्हणे सरकारचे, कुणी म्हणे महापालिकेचे, एखादा म्हणे देवाचे. ‘आमचे’ असे उत्तर क्वचितच येई. शेताच्या बांधावरच्या आंब्याला मालक असतो, वाड्यातल्या फणसाला मालक असतो. रस्त्याच्या झाडाच्या सावलीचा सातबारा कुणाच्याच नावावर नसतो. आज जे सांगायचे आहे ते या प्रश्नाशी निगडित आहे. रस्त्यावरचे झाड लावते कोण, राखते कोण आणि ते मरते तेव्हा नेमके कशाने मरते?

रस्त्याच्या कडेला झाड लावणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात कोरवलेल्या सातव्या स्तंभलेखात त्याची नोंद आहे. माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून वाटांवर वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदवल्या, असे तो सांगतो. नोंद घेण्याजोगी बाब अशी, की माणसांच्या बरोबरीने जनावरांचाही उल्लेख आहे. रस्त्यावरची सावली पहिल्यापासून चालणाऱ्याची, ओझे वाहणाऱ्याची. पालखीत बसणाऱ्याला तिची तेवढी गरज नव्हती.

आपल्याला अधिक जवळचा दाखला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा. कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात आरमाराच्या प्रकरणात झाडांचा विषय येतो. गलबतांना लाकूड लागणारच. ते कुठून आणावे आणि कोणत्या झाडाला हात लावू नये, याचे स्पष्ट नियम अमात्यांनी दिले आहेत. आंबा-फणसाचे लाकूड उपयोगी असले तरी ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहणार नाही, असा त्यांचा विचार आहे. अगदीच जीर्ण झालेले झाड असेल तर मालकाला राजी करून, त्याचे मोल देऊन मगच तोडावे. पर्यावरण हा शब्दसुद्धा प्रचारात नसण्याच्या काळातला हा नियम आहे. त्यामागचे गणित वेळेचे आहे. तोडायला एक दिवस, वाढायला एक पिढी. पण या नियमातले झाड मालक असलेले आहे. ज्याचे मन दुखेल असा माणूस त्याच्या पाठीशी आहे. शहरातल्या रस्त्याच्या झाडाजवळ असा माणूस नसतो, आणि त्याची सगळी कहाणी तिथूनच वेगळी होते.

मुंबईपुरते बोलायचे तर ही कहाणी एका रोगापासून सुरू होते. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. त्यानंतरचे हाल घरोघरच्या आठवणींतून आपण ऐकलेले आहेत. माणसे पटापट मेली, ज्यांना जमले ती गावी पळाली, गिरण्या ओस पडल्या. रोगाचे खापर फुटले ते दाटीवाटीच्या वस्तीवर, अंधाऱ्या खोल्यांवर आणि कोंदट हवेवर. त्यातून १८९८ साली ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. लोक त्याला नुसते ‘ट्रस्ट’ म्हणत. जुन्या शहरातून रुंद रस्ते काढून समुद्राचा वारा आत आणायचा, हे त्याचे एक काम. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड ही त्याची उदाहरणे. दुसरे काम म्हणजे शहराच्या उत्तरेला मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती वसवायची. दादर, माटुंगा, वडाळा, शीव हा त्या वेळी शहराबाहेरचा मुलूख. भातखाचरे, दलदल, माहीमच्या बाजूला नारळी-ताडांची बने. आज ज्याला आपण मुंबईचा मध्य म्हणतो ते तेव्हाचे उपनगर.

ट्रस्टच्या डोक्यात उजेड आणि हवा या दोन गोष्टी पक्क्या बसल्या होत्या. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी तर इमारतीच्या सावलीचा कोन मोजून नियम मांडला. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून तो ओळखला जाई. सोप्या भाषेत सांगायचे तर समोर जेवढी मोकळी जागा असेल, तिच्या दुपटीहून इमारत उंच नको. हा नियम केला तो खोलीत उजेड यावा म्हणून. पण दोन घरांच्या मध्ये अंतर राहिले, रस्ते ऐसपैस झाले आणि झाडाला फांद्या पसरायला आकाश मिळाले. माटुंग्याच्या रस्त्यांवर आज जी हिरवी कमान दिसते, तिचा पाया असा प्लेगच्या भीतीत आहे.

या वस्त्यांत एक वेगळी गोष्ट घडली. सुरुवातीला डोळ्यांसमोर होते ते बागबगीचे असलेल्या घरांचे उपनगर. प्रत्यक्षात आले ते तीनमजली इमारतींतले ब्लॉक. स्वतंत्र स्वयंपाकघर, आतच न्हाणीघर आणि संडास. मध्यमवर्गीय कारकून, शिक्षक, वकील यांना परवडेल असे नव्या तऱ्हेचे घर. निखिल राव यांनी या उपनगरांच्या घडणीवर २०१३ साली इंग्रजीत एक अभ्यासपूर्ण पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचाच अर्थ ‘घर आहे, पण बाग नाही’ असा होतो. मला वाटते, रस्त्यावरच्या झाडाचे महत्त्व याच वाक्यात आहे. ज्यांच्या वाट्याला अंगण आले नाही, त्यांचे अंगण म्हणजे दारासमोरचा रस्ता. गॅलरीत उभे राहिले की हाताशी येणारी फांदी ही त्यांची बाग. ब्लॉकच्या भाड्यात तिचा हिशेब नव्हता, पण तिच्याशिवाय तो ब्लॉक उन्हाळ्यात राहण्याजोगा झाला नसता.

याच भागातली पारशी कॉलनी पाहा. ट्रस्टमध्ये अभियंता असलेल्या मंचेरजी एडलजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी १०३ भूखंड मिळवले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या तिसेक वर्षांत ही वसाहत आकाराला आणली. त्यांनी घरांबरोबर झाडांचाही विचार केला. कोणत्या रस्त्यावर कोणते झाड, हेसुद्धा योजनेत होते. फिरदौसी रोडवर महोगनीची रांग आली. फाइव्ह गार्डन्स या नावाने सर्वांना माहीत असलेल्या उद्यानांना आज त्यांचेच नाव आहे. तिथे संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांत किती जणांना ते ठाऊक असेल, कोण जाणे! शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने नकाशावर ठिपके काढले आणि आज त्या ठिपक्यांखाली तीन पिढ्या बसतात. हे ठिपके टिकले, कारण वसाहतीला ती झाडे आपली वाटली. घराच्या दुरुस्तीइतकीच झाडाच्या फांदीचीही तिथे चर्चा होत आली.

शिवाजी पार्क थोडे नंतरचे. १९२५ साली मैदान खुले झाले आणि नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये त्याला महाराजांचे नाव मिळाले. शिवजन्माला तीनशे वर्षे झाल्याचे ते निमित्त होते. मैदानातली भाषणे, मैदानातले क्रिकेट यांवर भरपूर लिहिले गेले आहे. मैदानाभोवतीचा कट्टा मात्र झाडांचा ऋणी आहे, हे कुणी म्हणत नाही. त्या वर्षावृक्षांची सावली काढून घेतली, तर दुपारी चार वाजता त्या कट्ट्यावर कोण बसेल?

वर्षावृक्ष, म्हणजे आपला रेन ट्री. कुणी त्याला विलायती शिरीष म्हणतात. हे मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले झाड एकोणिसाव्या शतकात श्रीलंकेमार्गे आपल्याकडे आले. सांज झाली किंवा आभाळ भरून आले की पाने मिटून घेते, म्हणून मलाया भागात त्याला ‘पाच वाजताचे झाड’ म्हणतात. पाने मिटली की पावसाचे पाणी थेट बुंध्याशी येते. झाड भराभर वाढते, छत्रीसारखे आडवे पसरते आणि रस्त्याच्या एका कडेला लावले तर दुसऱ्या कडेच्या झाडाशी वर हातमिळवणी करते. रस्ते आखणाऱ्यांना दहा-पंधरा वर्षांत सावली हवी होती. वड-पिंपळ मुळांनी भिंती फोडतात, आंबा फळासाठी दगड खातो. मग रेन ट्री, मादागास्करचा गुलमोहर, पिवळ्या फुलांचा सोनमोहर अशी पाहुणी मंडळी मुंबईच्या रस्त्यांवर स्थिरावली. फुलझाडांची आवड हेही एक कारण होते. झेवियर्स कॉलेजचे फादर ब्लॅटर आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी सुंदर भारतीय वृक्षांवर लिहिलेला सचित्र ग्रंथ १९३७ साली आला. झाड नुसते उपयोगाचे नको, डोळ्यांना सुखवणारेही हवे, ही दृष्टी त्या पिढीत होती.

आज या पाहुण्यांवर टीका होते. त्यांच्यावर आपले पक्षी, आपली फुलपाखरे फारशी वाढत नाहीत, असा आक्षेप आहे आणि त्यात तथ्य आहे. नवे झाड लावताना बकुळ, करंज, ताम्हण, बहावा, कडुनिंब यांना पहिला मान द्यावा, हे मलाही पटते. ताम्हण तर महाराष्ट्राचे राज्यपुष्प. पण ऐंशी-नव्वद वर्षे उन्हात उभे राहून ज्याने आपल्याला सावली दिली, त्याच्या गळ्यावर परदेशी म्हणून कुऱ्हाड चालवणे मला मान्य नाही. बटाटा आणि मिरचीही त्याच मुलखातून आली आहे.

झाडे लावली गेली. ती वाढली कशी? पालिकेची पाणीगाडी काही प्रमाणात आली असेल, पण पहिले दोन-तीन उन्हाळे काढणे म्हणजे रोजचे काम. रोप कोवळे असताना बकरी तोंड घालते, गाय अंग घासते, पोरे फांदी ओढतात. तेव्हा विटांचे जाळीदार कठडे बांधत, पुढे लोखंडी पिंजरे आले. आमच्या भागातल्या वृद्ध शेजाऱ्यांकडून मी ऐकले आहे, की तळमजल्यावरची बाई भांडी विसळलेले पाणी न चुकता समोरच्या रोपाला घाली. ते झाड तिच्या नावाने ओळखले जाई. कोणत्याही दप्तरात तिची नोंद नाही. सावलीच्या सातबाऱ्यावर कुणाचे नाव चढवायचे झाले तर पहिले तिचे चढवावे लागेल.

१९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. स्वातंत्र्यानंतर शहर वाढत गेले, माणसे वाढली, मोटारी वाढल्या. रस्त्याला आता पोटातही बरेच काही साठवावे लागत होते. पाण्याचे नळ, गटारे, विजेच्या केबली, टेलिफोनच्या तारा, नंतर गॅसच्या नळ्या आणि इंटरनेटच्या केबली. प्रत्येक खात्याचा चर वेगळा, खणण्याचे वर्ष वेगळे. झाडाची अन्न शोषणारी मुळे बहुतांशी वरच्या हातभर मातीत, आडवी पसरलेली असतात. चर खणणाऱ्याला ती अडथळा वाटतात. कुऱ्हाडीच्या दोन घावांत काम होते. वरून झाड हिरवेच दिसते, म्हणून कुणाला काही कळत नाही. त्याचे परिणाम पाच-सात पावसाळ्यांनी दिसतात.

१९७५ साली महाराष्ट्राने नागरी क्षेत्रांतील झाडांचे संरक्षण आणि जतन करण्याचा कायदा केला. स्वतःच्या आवारातले झाडही परवानगीवाचून तोडता येणार नाही, हे त्यात आले. वृक्ष प्राधिकरण आले, वृक्ष अधिकारी आला, ठरावीक काळाने झाडांची गणना आली. तोडण्याच्या प्रस्तावाची नोटीस झाडावर चिकटवायची आणि वृत्तपत्रात द्यायची, हरकती ऐकायच्या, तोडल्यास बदली झाड लावायचे आणि नियम मोडल्यास दंड तसेच कैद, अशा तरतुदी आहेत. कायदा चांगला आहे. त्याने रस्त्याच्या झाडाला पहिल्यांदा कागदावर ओळख दिली.

याच कायद्याखालच्या गणनेने एक विलक्षण आकडा समोर आणला. २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या मोजणीत मुंबईत २९ लाख ७५ हजार २८३ झाडे निघाली. त्यांतली १५ लाख ६३ हजारांहून अधिक खासगी आवारांत, सव्वाअकरा लाख सरकारी आवारांत, एक लाखाहून थोडी अधिक उद्यानांत आणि रस्त्यांवर किती? १ लाख ८५ हजार ३३३. म्हणजे शंभरातली जेमतेम सहा. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांवर होती. साधा भागाकार केला तर सदुसष्ट माणसांमागे रस्त्यावरचे एक झाड येते. संकुलाच्या भिंतीआडचे झाड तिथे राहणाऱ्याला सावली देते, ते हवेच. पण टपालवाला, भाजीची पाटी घेतलेली बाई, दप्तर ओढत शाळेत जाणारे मूल, बसच्या रांगेतला म्हातारा यांच्या वाट्याला येते ते या सहांतले झाड. अशोकाच्या लेखातली माणसे आणि जनावरे आजही त्याच सहांखाली उभी आहेत.

ही सहा कशाने मरतात? कुऱ्हाडीने मरणारी झाडे आपल्याला दिसतात. रस्ता रुंद करायचा, मेट्रो न्यायची, पूल बांधायचा म्हणून तोडलेल्या झाडांवर वाद होतात, कोर्टकचेऱ्या होतात. ते आवश्यकच आहे. पण कितीतरी झाडे आवाज न करता जातात. पदपथावर सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवून बसवले की मुळांना हवा मिळत नाही, पाणी मिरत नाही. पाटी ठोकायला खिळे, रोषणाईला तारांचे वेढे. कोवळेपणी संरक्षणासाठी घातलेला लोखंडी पिंजरा काढायचे कुणाच्या लक्षात राहत नाही आणि तोच पुढे खोडात रुततो. अशा खंगलेल्या झाडावर रोग लवकर बसतो. २०१० नंतरच्या दशकात मुंबईच्या रेन ट्रींवर पिठ्या ढेकणाची साथ आली. पांढरा कापूस चिकटवल्यासारख्या फांद्या दिसू लागल्या, पाने काळवंडून गळाली आणि शेकडो मोठी झाडे उभ्या उभ्या वाळली. एकाच काळात, एकाच जातीची लावलेली झाडे एकाच काळात म्हातारी होतात आणि एकाच रोगाला बळी पडतात, हा त्यातला धडा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लोकांना झाडाची भीती वाटते आणि ती खोटी नाही. ५ ऑगस्ट २०२० रोजी कुलाब्याला ताशी १०७ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला आणि दक्षिण मुंबईत झाडांचा खच पडला. १७ मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात शहरात दोन हजारांवर झाडे कोसळली. फांदी पडून माणसे दगावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. ज्याच्या घरात असे घडले, त्याला झाडाची महती सांगायला जाऊ नये. पण झाड का पडते, हे समजून घेतले पाहिजे. एका बाजूची मुळे चरात तुटलेली, इमारतीच्या बाजूच्या फांद्या रहिवाशांनी छाटून घेतलेल्या आणि सगळा भार रस्त्याकडे. असा तोल गेलेला वृक्ष वाऱ्यापुढे किती टिकणार? मग भीतीपोटी आणखी छाटणी होते, तोल आणखी बिघडतो. मेलेले आणि पोकळ झाड वेळीच काढले पाहिजे, हे झाडावर प्रेम करणाऱ्याने आधी म्हटले पाहिजे.

मुळांचे महत्त्व दाखवणारी एक घटना आपल्या राज्यातच घडली. ती उपनगरातली नाही, पण इथे सांगण्याजोगी आहे. सांगली जिल्ह्यात भोसे गावाजवळ सुमारे चारशे वर्षांचा म्हणून प्रसिद्ध असलेला वड राष्ट्रीय महामार्गाच्या आड येत होता. २०२० च्या जुलैमध्ये वृक्षप्रेमींनी आणि गावकऱ्यांनी आवाज उठवला, मंत्र्यांपर्यंत पत्रे गेली आणि रस्त्याची आखणी बदलली. वड वाचला, सगळ्यांना आनंद झाला. दोन वर्षांनी, २०२२ च्या जूनमध्ये, वादळी पावसात तो कोसळला. जुन्या झाडाला वाचवायचे म्हणजे खोडाबरोबर त्याच्या पायाखालची जमीनही वाचवायची असते. ती किती हवी, याचा विचार आपण फार उशिरा करू लागलो.

तसा विचार सुरू झाला आहे, हे खरे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ च्या एप्रिलमध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटर अंतरातले काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. मुंबईत २०२३ च्या उन्हाळ्यात महापालिकेने ‘वृक्ष संजीवनी’ नावाने मोहीम काढून खिळे, तारा, फलक आणि बुंध्याभोवतीचे सिमेंट हटवले. त्याआधी २०२१ साली राज्याच्या कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरील झाडाला वारसावृक्षाचा दर्जा मिळाला आणि असे झाड तोडावेच लागले तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावायची, ती जगवायची, असा नियम झाला. म्हणजे ऐंशी वर्षांच्या रेन ट्रीच्या जागी ऐंशी रोपे. अमात्यांनी मोल द्या म्हटले होते, त्याचीच ही नवी आवृत्ती म्हणायला हवी.

पण एक अडचण उरतेच. ती ऐंशी रोपे लावायची कुठे? माटुंग्याच्या त्या रस्त्यावर तर जागा नाही. ती जातात शहराच्या कडेला, एखाद्या मोकळ्या भूखंडावर. २०२० पासून मुंबईत जपानी पद्धतीची दाट छोटी वनेही लावली गेली. त्यांचे स्वागत आहे. मात्र रस्त्याच्या झाडाचे सगळे मोल ते कुठे उभे आहे यात असते. वडाळ्याच्या वनातली हवा कितीही शुद्ध झाली, तरी दादरच्या बसथांब्यावरचे ऊन त्याने कमी होत नाही. रस्त्यावरचे झाड गेले तर त्याचा वारस त्याच खड्ड्यात, निदान त्याच रस्त्यावर हवा.

असा वारस तयार ठेवणे हे एखाद्या गल्लीला जमते का? आमच्या गल्लीत काही वर्षांपूर्वी पदपथाचे काम निघाले. कंत्राटदाराची माणसे पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडवून बसवत होती. आम्ही चार-पाच शेजारी खाली उतरलो. मुकादम म्हणाला, ‘साहेब, माझ्या नकाशात माती दाखवलेली नाही.’ त्याचे चूक नव्हते. नकाशात खरोखरच माती नव्हती. अर्ज केला, दोन खेपा घातल्या, कायद्याची प्रत जोडली. शेवटी प्रत्येक झाडाभोवती मीटरभराचा चौकोन मोकळा राहिला. दोन जुन्या झाडांमधल्या रिकाम्या जागी आम्ही करंज आणि बकुळीची रोपे लावून घेतली. पाच लावली होती. एक मोटारीच्या धक्क्याने गेले, एक पहिल्याच उन्हाळ्यात वाळले. तीन आहेत. पाणी घालण्याचा वार ठरलेला आहे आणि तो चुकला की दुसऱ्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून हाक मारतात. पाचातली तीन जगणे हा काही मोठा विजय नाही. पण लावणे आणि जगवणे यांतला फरक त्याने गल्लीला शिकवला.

त्यात विशेष खर्च नाही. रोप पुरुषभर उंचीचे घ्यावे. खड्डा ऐसपैस, जवळजवळ मीटरभर खोल असावा आणि त्यातले डबर काढून चांगली माती भरावी. वर विजेच्या तारा असतील तर उंच जाणारे झाड नको. अरुंद पदपथावर वड-पिंपळ नको. एका रस्त्यावर सगळी झाडे एकाच जातीची नकोत, हे पिठ्या ढेकणाने शिकवलेच आहे. आधाराची काठी आणि पिंजरा यांची वेळ संपली की ते काढून घ्यायचे. छाटणी पावसाळ्याआधी आणि जाणत्या माणसाकडून, दोन्ही बाजूंचा तोल पाहून. चर खणायला कुणी आले की मुळे तोडू नका, खालून नळी घाला, एवढे सांगायला खाली उतरायचे. आणि झाडावर नोटीस चिकटलेली दिसली तर ती वाचायची. हरकतीची मुदत बहुतेक वेळा वाचणारा न मिळाल्यानेच संपते.

ट्रस्टच्या काळात लावलेली झाडे आता आयुष्याच्या उतारावर आहेत. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांतली पुष्कळशी जातील. आपण कितीही प्रेम केले तरी जातील. त्यांच्या सावलीत वाढलेल्या आपल्या पिढीने ती सावली विकत घेतलेली नव्हती. ती आपल्याला आयती मिळाली, कारण प्लेगमधून वाचलेल्या माणसांनी स्वतःला न मिळणाऱ्या सावलीसाठी रोपे लावली होती. नव्या कायद्याप्रमाणे झाड पन्नास वर्षांचे झाले की वारसावृक्ष ठरते. या पावसाळ्यात लावलेल्या रोपाला तो मान मिळेल तेव्हा ते पाहायला माझ्या वयाचे कुणी नसेल. त्याला तिथपर्यंत पोचवायचे असेल तर पहिली पाच वर्षे कुणीतरी खाली उतरून बादलीभर पाणी घालायला हवे, आणि तेवढ्यासाठी ते झाड कुणाच्या मालकीचे आहे हे विचारत बसायची गरज नाही.